एकतिसाव्या ओळीतली ओल

युस्टीना टीसन पानाला हात लावून बघत नसे, ओठ लावून बघे. हाताचं काही खरं नाही, असं तिचं म्हणणं. काम करून करून हात बधिर होतात, त्यांना उकळती किटलीसुद्धा कोमट लागते. वरचा ओठ मात्र लबाडी करत नाही. काकडीचं ताटाएवढं पान अलगद उचलायचं, खालची बाजू ओठाला टेकवायची आणि जरा थांबायचं. गार लागलं तर पान घाम गाळतंय, म्हणजे पाणी पितंय, म्हणजे जेवतंय. गरम लागलं तर पानाने तोंडं मिटली असं समजायचं.

ही विद्या तिच्या नवऱ्याची, कोर्नेलियसची. मेक्सिकोतल्या चिवावाच्या मेनोनाइट वसाहतीतून एकोणिसाव्या वर्षी ती कॅनडात लेमिंग्टनला आली तेव्हा पान म्हणजे पान, एवढंच तिला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात कोर्नेलियसने तिला काचघरात ओळीत उभं केलं आणि शिकवायला सुरुवात केली.

"पानाच्या पाठीला लाखो तोंडं असतात, युस्टीना. त्याच तोंडांनी ते हवा खातं आणि त्याच तोंडांतून पाणी बाहेर सोडतं. हवा तापली, कोरडी झाली की पाणी भराभरा ओढलं जातं. मुळांना तेवढं पुरवता आलं नाही की पान घाबरतं नि तोंडं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण उपास घडतो. डोक्यावर एवढं ऊन असून उपाशी."

"आणि हवा दमट झाली तर?"

"मग तोंडं उघडीच राहतात, पण घाम सुकत नाही. घाम सुकला नाही की खालून पाणी वर चढत नाही. तुझ्या बहिणीसारखं. तोंड सदा उघडं आणि काम शून्य."

बहिणीवरून दोन दिवस अबोला झाला, पण शिकवलेलं विसरलं नाही. पुढची चौतीस वर्षं दोघांनी मिळून ते काचघर चालवलं. तेव्हा फवारे नव्हते. उन्हाच्या तडाख्यात कोर्नेलियस रबरी पाईप घेऊन ओळींमधल्या वाटांवर पाणी मारायचा. पाईपच्या तोंडावर अंगठा दाबायचा, आणि पाण्याचा पंखा उघडून जमिनीवर अर्धगोल उमटायचे, एकापुढे एक, अगदी आखल्यासारखे. वाट भिजली की हवेला प्यायला दुसरं काहीतरी मिळायचं आणि पानांचा जीव भांड्यात पडायचा.

नंतर फवारे आले, यंत्र आलं आणि यंत्राचा डबा आला. बाराव्या ओळीत, पानांच्या उंचीवर तो पांढरा डबा लटकलेला असे. आत दोन पारे, म्हणजे पाऱ्याचे थर्मामीटर. एक उघडा, दुसऱ्याला कापसाची वात गुंडाळलेली आणि वातीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेलं. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी सुकतं आणि तो पारा गार पडतो, ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यासारखा. दोन पाऱ्यांत जेवढं अंतर जास्त तेवढी हवा कोरडी. अंतर नसलं तर हवा ओलीचिंब. यंत्राला कळतं ते एवढंच. त्यावरून ते फवारा सोडतं किंवा बंद करतं.

आता वातच सुकली तर? दोन्ही पारे सारखेच दिसणार, आणि आग ओकणाऱ्या हवेला यंत्र ओलीचिंब समजणार. ते फवारा बंद करणार, वर दमटपणा घालवायचा म्हणून जमिनीलगतच्या नळांत गरम पाणी सोडणार. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

बाटली भरायचं काम युस्टीनाचं. डबा बसवायला आलेल्या माणसाने बजावून सांगितलं होतं, डिस्टिल्ड वॉटरच घाला. पण आमच्या लोकांना पाणी विकत आणणं म्हणजे पाप वाटतं. परसात सासऱ्यांनी खणलेली विहीर असताना दुकानातलं पाणी? "पाणी ते पाणीच," असं म्हणून युस्टीनाने पहिल्या आठवड्यापासूनच विहिरीचं घातलं. विहीर चुनखडीची. घरातल्या किटलीत नखाएवढा जाड थर धरायचा, तो ती दर महिन्याला व्हिनेगर घालून खरवडायची. तोच चुना वातीतही धरत असेल आणि वात पाणी ओढेनाशी होईल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

नऊ वर्षांपूर्वीच्या जुलैतली गोष्ट. तीन दिवस नैऋत्येचा कोरडा वारा सुटला होता. युस्टीना स्वयंपाकघरात रोलकुकेन तळत होती. पिठाचे ते खुसखुशीत पिळे आणि बरोबर कलिंगड, हे कोर्नेलियसचं उन्हाळ्यातलं जेवण. बारा वाजले, सव्वाबारा झाले, तरी तो आला नाही. चौतीस वर्षांत त्याने रोलकुकेन एकदाही गार होऊ दिले नव्हते.

ती काचघरात गेली. दारातल्या फळीवर आकडा होता नव्याण्णव, म्हणजे हवा ओलीचिंब. आणि आत पानं माना टाकून उभी. कुठे फवाऱ्याचा आवाज नाही, की मधमाशीचा नाही. तिने जवळचं पान ओठाला लावलं आणि चटकन सोडलं. ती तशीच बाराव्या ओळीत डब्याकडे गेली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. वात मात्र वाळल्या काडीसारखी कडक, पांढरी फटक. एप्रनच्या खिशात नवी वात असायचीच. ती भिजवून तिने बसवली, जुनी खिशात टाकली आणि मग कोर्नेलियसला हाक मारली.

तो सापडला अगदी टोकाला, एकतिसाव्या ओळीत. वाटेत पालथा पडलेला, हात समोरच्या भिंतीकडे लांबवलेला. भिंतीवर फवारा हाताने सोडायचं चाक होतं. युस्टीनाने त्याला उताणं केलं आणि कपाळाला ओठ लावला. कपाळ तापलेलं होतं आणि कोरडं ठणठणीत. घामाचा टिपूस नव्हता.

दुपारी चौकशीला माणूस आला. तोवर डब्यात नवी वात होती आणि आकडा अगदी बरोबर होता, सव्वीस. बाटली भरलेली. त्या जुन्या यंत्राला मागचं काही आठवत नसे. फवारा यंत्राने चालवायचा की हाताने हे ठरवणारी दारातली किल्ली मात्र 'यंत्र'वरून 'हात'वर फिरवलेली आढळली. झालं, निकाल लागला. म्हाताऱ्याने काचघर यंत्राकडून आपल्या हातात घेतलं, फवारा बंद केला आणि सोडायला विसरला.

खरं काय ते एकट्या युस्टीनाला कळत होतं. पानाला ओठ लावून कोर्नेलियसने यंत्राची चूक ओळखली होती. किल्ली फिरवून तो चाकाकडे निघाला होता आणि दहा पावलं कमी पडली. पण हे सांगायचं तर वातीचं सांगावं लागणार, वातीचं सांगायचं तर विहिरीचं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता माती झाली, पहिला महिना सरला. चर्चच्या अंगणात सूर्यफुलाच्या बिया फोडता फोडता लोक बोलायचे, "पानांचे मुके घेत बसला आणि स्वतःला भाजून घेतलं." युस्टीना तिथेच उभी असायची. एका शब्दाने तिने त्यांची तोंडं बंद केली असती. तो शब्द तिने काढला नाही, याची तिला स्वतःचीच किळस वाटायची.

तिचा मुलगा डिर्क बापाच्या जागी उभा राहिला. पहिल्याच आठवड्यात त्याने ती किल्ली काढली आणि भोक बुजवून टाकलं. "या घरात पुन्हा कोणाचा हात चालणार नाही," तो म्हणाला. पानाला त्याने कधी ओठ लावला नाही. बापाची त्याला लाज वाटत होती. युस्टीनाला ते दिसत होतं, आणि तरी ती गप्प राहिली. बाटली मात्र तेव्हापासून ती दर सोमवारी स्वतः भरायची, डिस्टिल्ड वॉटरने, आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "माझी सवय आहे." जुनी वात तिच्या एप्रनच्या खिशातच राहिली.

पुढच्या जुलैत ओफेलियाने तिला एकतिसाव्या ओळीत नेलं. ओफेलिया मेक्सिकोतल्या वाहाकाची, दर वर्षी काकडी तोडायला येणारी, कशालाही न बिचकणारी बाई. तिच्याशी युस्टीना चिवावातलं मोडकंतोडकं स्पॅनिश बोलायची.

"बघा," ओफेलिया म्हणाली.

वाट भिजलेली होती. भर दुपारी, सगळी माणसं जेवायला गेलेली असताना. पाईप भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळलेला, आतून बाहेरून कोरडा. आणि वाटेवर पाण्याचे अर्धगोल, एकापुढे एक, आखल्यासारखे.

"नळ फुटला असेल," युस्टीना म्हणाली.

"फुटलेला नळ अशी नक्षी काढतो होय?" ओफेलियाने छातीवर क्रूस काढला. "तुम्ही मेनोनाइट लोक भुतालाही रिकामं बसू देत नाही. मेलं तरी कामच."

डिर्कने ती जागा दोनदा खणून घेतली. तिथे कसला नळच नव्हता. कडक उन्हाच्या, कोरड्या वाऱ्याच्या दिवशी, बारा ते एकच्या दरम्यान वाट भिजायची. एरवी कधी नाही. भिजताना कोणी पाहिलं नाही. पाठ वळली की व्हायचं. अठ्ठाविसाव्या ओळीपलीकडे दुपारी कोणी जाईना. युस्टीना जायची. तिथलं पान ओठाला लावायची. बाकीच्या काचघरापेक्षा ते गार लागायचं, पहाटेच्या पानासारखं. तिला भीती वाटायची. खोटं कशाला सांगा, बरंही वाटायचं. ज्याचं काम अडलंय तोच परत येतो, असं तिची आई म्हणायची. कोर्नेलियसचं काम कशात अडलंय ते युस्टीना जाणून होती. ते आपण मोकळं केलं तर तो यायचा नाही, हेही.

असं करता करता कोर्नेलियसला जाऊन नऊ वर्षं झाली. यंदा मे महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सात आठवडे ती घरात अडकून पडली. जुलैच्या मध्यावर, काठी टेकत, ती पहिल्यांदा काचघरापाशी आली. बाहेर छत्तीस डिग्री होतं आणि नैऋत्येचा वारा सुटला होता. सून ग्रेटा काकड्या भरायच्या टेबलापाशी उभी होती.

"आई, तुम्ही कशाला आलात? गुडघा सुजेल परत."

"डिर्क कुठाय?"

"आत. पानं मान टाकतायत म्हणून बघायला गेलाय. तास होत आला. जेवायलाही आला नाही."

युस्टीनाच्या हातातली काठी थांबली. "आकडा काय दाखवतोय?"

"नव्याण्णव. जास्त दमट झालंय, मुळं सडली असतील, असं म्हणत होता."

"बाटलीत पाणी कोण घालतं?"

"मीच की. दर सोमवारी, तुमच्यासारखंच, गळ्यापर्यंत." ग्रेटा जरा कौतुकाच्या अपेक्षेने हसली. "आणि ते विकतचं बंद करून टाकलं. विहीर दारात असताना कशाला? पाणी ते पाणीच, नाही का?"

युस्टीनाला तिच्यावर रागावता आलं नाही. ते शब्द तिचेच होते. विहिरीचं का नको, हे नऊ वर्षांत तिने कोणाला सांगितलं नव्हतं, मग या पोरीला कुठून कळणार?

ती आत शिरली. तापलेली हवा नाकात चरचरली. सगळी पानं पाठीला पाठ लावून लोंबत होती, आणि तोच आवाज, म्हणजे कसलाच आवाज नाही. तिने पान ओठाला लावलं. त्या दिवशीचंच पान. बाराव्या ओळीपर्यंत ती कशी पोचली ते तिचं तिला माहीत. बाटली भरलेली, वात कडक, पांढरी. खिशातली नवी वात तिने पिण्याच्या बाटलीत बुडवून बसवली आणि दुसरी पांढरी काडी पहिलीशेजारी खिशात टाकली. थोड्या वेळाने माथ्यावर फवारे फुसफुसले. या वेळी मध्ये किल्ली नव्हती.

आता कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. आकडा उतरेल, पानं सावरतील, डिर्क म्हणेल यंत्राने जरा गडबड केली. खिसा तेवढा जड होईल.

"डिर्क!" तिने हाक मारली. उत्तर आलं नाही.

ती टोकाकडे निघाली. विसावी ओळ, पंचविसावी. गुडघ्यातून कळा येत होत्या. अठ्ठाविसाव्या ओळीनंतर काठीचा आवाज बदलला. आधी टकटक येत होता, आता ती ओल्यात रुतू लागली. ओल्या मातीचा वास आला. फवारे आत्ता कुठे लागले होते, त्यांचं पाणी अजून जमिनीपर्यंत आलंही नव्हतं. तिने खाली पाहिलं. अर्धगोल, एकापुढे एक, तिला पुढे घेऊन चाललेले.

एकतिसाव्या ओळीत, काकड्या न्यायच्या गाड्यावर, डिर्क मान खाली घालून बसला होता. हलत नव्हता. युस्टीना त्याच्यासमोर उभी राहिली. त्या कपाळाकडे वाकायला तिला नऊ वर्षांएवढा वेळ लागला. तिने ओठ टेकवला.

कपाळ गार होतं. घामाने निथळत होतं.

"आई?" डिर्कने मान वर केली. त्याचे ओठ फुटले होते. "तिकडे पंधराव्या ओळीत मला गरगरलं. डोळ्यांपुढे काळोख. घामच थांबला होता. मग इकडून ओल्याचा वास आला, म्हणून भिंतीला धरून धरून आलो." त्याने वाटेकडे पाहिलं. "कोणी मारलं पाणी? ओफेलियाने?"

हो म्हणायला काय लागतं? 'ओफेलियाने' एवढंच म्हणायचं होतं. युस्टीनाने खिशातून दोन्ही वाती काढल्या आणि त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"ही आजची. ही तुझ्या बाबांच्या दिवसाची."

डिर्कने त्या एकमेकींवर वाजवून पाहिल्या. खट्ट झालं. ती विहिरीचं बोलली, चुन्याचं बोलली, डब्याचं बोलली.

"म्हणजे बाबांनी किल्ली..."

"फवारा सोडायला फिरवली. त्या चाकापर्यंत पोचले नाहीत."

"आणि तुला माहीत होतं."

"होतं."

"लोक बोलत होते तेव्हा. मी बोलत होतो तेव्हा."

"हो."

फवारा आता त्यांच्या डोक्यावर आला होता, दोघांच्या तोंडावर बारीक पाणी बसत होतं. डिर्क उठला, वाती खिशात टाकल्या आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. दुखऱ्या गुडघ्याने एकतीस ओळी तिला एकटीला चालाव्या लागल्या. ते तिला योग्यच वाटलं.

त्या रविवारी चर्चमध्ये डिर्क सगळ्यांसमोर उभा राहिला. बाबांची काही चूक नव्हती, त्यांनी यंत्राच्या आधी पान ओळखलं होतं, वातीला चुना धरला होता, एवढंच त्याने सांगितलं. वात कोणाच्या हातची ते त्याने सांगितलं नाही. दुपारच्या फास्पाला, म्हणजे रविवारच्या कॉफी-पावाला, मात्र तो तिच्याकडे आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिने झ्वीबाक पाव आणि मुरांबा मांडला आणि तसाच उचलून ठेवला. तिसऱ्या रविवारी तो आला, खाली मान घालून दोन पाव खाल्ले आणि बशी सरकवत म्हणाला, "ओठ नक्की कुठे लावायचा? पानाच्या वरून की खालून?"

"खालून," युस्टीना म्हणाली. "वरचा ओठ."

ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा तसाच वारा सुटला. बारा वाजता सगळे जेवायला गेल्यावर ती एकतिसाव्या ओळीत जाऊन उभी राहिली. वाट कोरडी होती, तिच्यावर धूळ बसली होती. तिने पाठ वळवली, थोडी थांबली, पुन्हा पाहिलं. पान ओठाला लावलं. बाकीच्या ओळींतल्या पानांसारखंच होतं, ना जास्त गार, ना कमी.

दुसऱ्या दिवशीही तसंच. ओफेलिया टोपली घेऊन बिनधास्त त्या ओळीत काकड्या तोडत होती.

"म्हातारबाबा गेले वाटतं," ती म्हणाली.

"हो. काम झालं त्यांचं."

तिसऱ्या दिवशी युस्टीनाने खिळ्यावरचा पाईप काढला. नळ सोडला, तोंडावर अंगठा दाबला. अंगठा नीट बसेना, पाणी तिच्याच अंगावर उडालं, अर्धगोल वाकडेतिकडे पडले. तरी तिने सगळी वाट भिजवली, पार भिंतीवरच्या चाकापर्यंत. मग ओल्याचा वास घेत एक वाजेपर्यंत तिथेच उभी राहिली. एक वाजल्यावर तिने पाईप गुंडाळून खिळ्याला अडकवला आणि घरी जेवायला गेली.